‘कोणी केलं?’ असं मूल विचारतं तेव्हा

कुठल्याशा शहरात बॉम्बस्फोट होतो, टीव्हीवर लाल पट्टी धावायला लागते आणि आपण मोठी माणसं पहिल्यांदा विचारतो, ‘किती गेले?’ मुलांचं आकड्याने समाधान होत नाही. त्यांना माणूस हवा असतो. ‘माय वं, तो बॉम कोनी फोडा?’ आमच्या शिंदखेड्यात प्रश्न असा येतो. आई भाकरी थापत असते, वडील खाटेवर पडून मोबाइल चाळत असतात आणि दोघांपैकी कोणीतरी पटकन एक नाव सांगून मोकळं होतं. माणसाचं नव्हे, एका अख्ख्या समाजाचं नाव. ते नाव दहा मिनिटांपूर्वी कुठल्यातरी ग्रुपवर आलेलं असतं.

त्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल बोलायचं म्हणून आज तुमच्याशी हे हितगुज. मी इथे शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. तुम्ही रात्री घरात जे बोलता ते सकाळी तुमची मुलं माझ्या वर्गात घेऊन येतात. कोण कोणाच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसलं, कोणी डबा कोणाबरोबर खायचं सोडलं, हे मला हजेरी घेतानाच दिसतं. घरात काय बोलणं झालं असेल, ते वेगळं विचारावं लागत नाही.

हे सगळं लांबचं आहे, आपल्याला कापूस, मिरची आणि पिण्याच्या पाण्याचीच चिंता पुरे, असं कोणाला वाटत असेल तर तसं राहिलेलं नाही. २२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जणांना गोळ्या घातल्या, त्यांतले सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळच्या मेट्रो स्थानकापाशी भरवस्तीत गाडीचा स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा मोबाइलवर रक्त बघितलेली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसली होती.

आणि आपली माणसं असतात कुठे? आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी तापी जशी पुढे सुरतेला जाते, तशीच भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांतून आपली माणसंही जातात. उधना, लिंबायत, डिंडोली ही नावं शिंदखेड्याच्या पोराला दिल्लीपेक्षा जवळची. कोणाचा मामा तिथे कापडाच्या कारखान्यात आहे, कोणाचा थोरला भाऊ मार्केटमध्ये पार्सलं बांधतो. २६ जुलै २००८च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये तासा-सव्वा तासात २१ स्फोट झाले. ५६ माणसं मारली गेली. जखमींना घेऊन नातेवाईक सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात पोचले, तर बॉम्ब तिथेही ठेवलेला होता. पुढच्या काही दिवसांत सुरतेत एकामागून एक जिवंत बॉम्ब सापडत गेले. झाडांवर, फलकांच्या मागे, गर्दीच्या चौकांत. वीस-पंचवीसच्या वर. एकही फुटला नाही, म्हणून आज आपल्या कितीतरी घरांतली माणसं घरात आहेत. त्या दिवसांत इथून सुरतेला लावलेले फोन ज्यांना आठवतात त्यांना ही धास्ती मी समजावून सांगायला नको. फोन उचलला जाईपर्यंत घरातलं कोणी बोलत नसे आणि कोपऱ्यात बसलेलं लहान मूल मोठ्यांच्या तोंडाकडे बघत असे. भीती मुलाला अशी कळते. तिला शब्द लागत नाहीत.

सुरत झाली नातेवाइकांची. मालेगाव तर शेजारचं. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने तासाभरात पोचतो आपण. हातमाग-यंत्रमागाचं गाव. त्या गावाने दोन वर्षांत दोनदा बॉम्ब पाहिले. मला मुलांना या विषयावर काही शिकवायचं असतं तेव्हा मी मालेगाव घेते, कारण ते आपलं आहे आणि तिथल्या ‘कोणी केलं?’ या प्रश्नाचं पुढे काय काय झालं ते सगळं कागदावर उपलब्ध आहे. पालकांनीही ते नीट माहीत करून घ्यावं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार होता आणि शब-ए-बरातही. या दिवशी लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर जातात, दानधर्म करतात. हमीदिया मशिदीलगतच्या बडा कब्रस्तानात दुपारच्या नमाजाची गर्दी होती. दान मागायला आलेली माणसं होती, मुलं होती. तिथे आणि मुशावरत चौकात सायकलींना बांधून ठेवलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसं मेली, तीनशेच्या वर जखमी झाली. मेलेल्यांत लहान मुलं बरीच होती.

मग २९ सप्टेंबर २००८. रमजानचा महिना, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले, भिक्कू चौकात वर्दळ. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या समोर स्फोट झाला. तपास यंत्रणेचं म्हणणं, बॉम्ब मोटरसायकलमध्ये होता. सहा जण गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. त्या सहांमध्ये एक दहा वर्षांची मुलगी होती. खाऊ आणायला घराबाहेर पडली होती.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. २००६च्या स्फोटानंतर एटीएसने नऊ तरुण पकडले, सगळे मुसलमान. तेव्हा ज्या मुलांनी ‘कोणी केलं?’ विचारलं त्यांना हे उत्तर मिळालं. तपास पुढे सीबीआयकडे आणि मग एनआयएकडे गेला. २०११मध्ये त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळाला, तोवर पाच वर्षं तुरुंगात निघून गेली होती. २०१३मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं, ते चौघे हिंदू. २०१६च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने आधीच्या तरुणांना पुराव्याअभावी दोषमुक्त केलं. म्हणजे २००६मध्ये पाचवीत असलेल्या मुलाला दिलेलं उत्तर तो विशीत येईपर्यंत उलटं झालं होतं. पण पाचवीत असताना त्याने त्या उत्तराच्या जोरावर कोणाशी अबोला धरला असेल, तर तो कोणी परत फिरवला?

२००८च्या स्फोटाचा तपास हेमंत करकरे यांच्या एटीएसने केला. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २६ नोव्हेंबरच्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात करकरे स्वतः मारले गेले. खटला रेंगाळत राहिला. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यांतले बरेच फितूर झाले. जवळजवळ १७ वर्षांनी, ३१ जुलै २०२५ला, मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण बॉम्ब त्याच मोटरसायकलमध्ये होता हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालय म्हणालं. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पीडितांच्या घरच्यांनी पुढे उच्च न्यायालयात दाद मागितली.

त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने लोकल गाड्यांमधल्या स्फोटांचा निकाल दिला होता. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते, १८० हून अधिक माणसं गेली होती. खालच्या न्यायालयाने २०१५मध्ये बारा जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

मालेगावचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती होती. भाषणं झाली, पेढे वाटले. कार्यक्रम संपल्यावर नववीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘मॅडम, सगळे सुटले म्हणजे मग कोणीच केलं नाही का?’ त्याच्या हातात पेढ्याचा कागद होता, त्याच्या तो घड्या घालत होता. मी त्याला म्हटलं, ‘कोणीतरी केलं रे. ती पोरगी मेली ना. पण कोणी, हे न्यायालयात सिद्ध झालं नाही.’ तो म्हणाला, ‘पण आमच्या घरी तर सगळ्यांना माहीत आहे.’

पालकहो, हे वाक्य तुम्ही ऐकावं म्हणून मी हे लिहिते आहे. आमच्या घरी तर सगळ्यांना माहीत आहे. हजारो पानांची आरोपपत्रं आणि तीन-तीन तपास यंत्रणा जिथे अडखळल्या, तिथे आपल्या ओट्यावर सगळ्यांना सगळं माहीत असतं. प्रत्येक घरात वेगळं, आणि प्रत्येक घरात पक्कं.

पहिल्या दिवशी मुलाला द्यायचं खरं उत्तर एकच असतं: ‘आजून कोनलेच कयेल नही.’ अजून कोणालाच कळलेलं नाही. हे म्हणायला आई-बापांना जड जातं, मला ठाऊक आहे. मुलासमोर आपण सर्वज्ञ असावं असं वाटतं. पण हे एक वाक्य ज्या मुलाने घरात ऐकलं आहे, त्याला पुढे आयुष्यभर कोणी सहजासहजी भडकवू शकत नाही. आपल्या बापाला ‘माहीत नाही’ म्हणताना त्याने पाहिलेलं असतं आणि त्यात काही कमीपणा नाही हे त्याला कळलेलं असतं.

यावर एक पालक मला म्हणाले, ‘मॅडम, असं गुळमुळीत सांगून मुलं भित्री होतील. दुश्मन कोण ते त्यांना कळायला हवं.’ त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. माणसं मेली की राग यायलाच हवा. तो मुलांसमोर बोलून दाखवा. बाजारात, मशिदीत, देवळात, रेल्वेच्या डब्यात बॉम्ब ठेवणारा माणूस कोणीही असो, कोणत्याही कारणासाठी असो, त्याने केलं ते पाप आहे आणि त्याला कायद्याने कडक शिक्षा झाली पाहिजे, हे ठणकावून सांगा. त्यात ‘पण’ नको, ‘त्यांनी आधी केलं म्हणून’ नको. आणि जे सिद्ध झालंय ते लपवूही नका. अहमदाबादच्या खटल्यात तेरा वर्षांनी का होईना, फेब्रुवारी २०२२मध्ये विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी धरलं, ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना जन्मठेप सुनावली. २८ जण त्याच खटल्यात सुटले, तेही सांगा. उत्तर येतं, कधी कधी येतं. ते यायच्या आत आपण आपलं उत्तर मुलाच्या डोक्यात पेरून ठेवू नये, इतकीच माझी विनवणी आहे.

कारण न कळलेलं कळल्यासारखं पुढे ढकलण्याने काय होतं, हे आपल्याच जिल्ह्याने बघितलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. त्याआधी कितीतरी दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. ओळीने ठेवलेली लहान मुलांची प्रेतं त्यात दिसायची. ते चित्रण सीरियामधलं होतं, काही वर्षांपूर्वीच्या विषारी वायूच्या हल्ल्यातलं. धुळे जिल्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण बघणाऱ्या आईच्या पोटात गोळा उठणारच. बाजारात भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांना दिसले. ते एका लहान मुलीशी बोलल्याचा संशय घेतला गेला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच जिवे मारलं. पाचही जण निरपराध होते.

मारणारे परदेशातून आलेले अतिरेकी नव्हते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी लहान लेकरं असतील आणि त्या लेकरांच्या काळजीनेच त्यांचे हात उठले असतील. मला सगळ्यात जास्त हेच सलतं. लेकरांवरच्या मायेपोटी माणसं मारता येतात.

आणि त्याच रात्री मालेगावात काय झालं, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथेही मुलं पळवणारे म्हणून भटक्या समाजातल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. पाच जण होते, त्यांत दोन वर्षांचं एक मूल. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं. गर्दी हजारावर गेली. पोलीस आले तर त्यांच्या गाडीवरही लोक तुटून पडले. पण पोलिसांनी आणि त्या घरच्यांनी मिळून पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं. अफवा तीच होती आणि तारीखही तीच. दोन बॉम्बस्फोट सोसलेल्या गावात कोणीतरी दार उघडलं आणि आत घेऊन लावून घेतलं. मुलांना गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. राईनपाड्याचीही सांगा, पण ही बरोबर सांगा.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने एवढं केलं. बाकीचं आपल्या अंगठ्यावर आहे.

आता घरात प्रत्यक्ष कसं बोलायचं ते सांगते. बातमी आली की आधी टीव्ही बंद करा, निदान लहान मुलं समोर असताना तरी. तेच जळणं, त्याच किंकाळ्या चॅनेलवाले तासभर फिरवून फिरवून दाखवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते एकच चित्रण पुन्हा दाखवतायत हे कळत नाही, त्याला दर वेळी नवा स्फोट झाला असं वाटतं. मग मुलाला जवळ घ्या आणि आपण बोलण्याआधी त्याने काय ऐकलंय ते विचारा. बऱ्याचदा त्याला भलतीच भीती असते. मागे एका मुलीने मला विचारलं होतं की आपल्या स्टेशनवर थांबणाऱ्या गाडीतही बॉम्ब असतो का, कारण दर शनिवारी तिचे पप्पा नंदुरबारला गाडीने जातात. तिला काश्मीर, सीमा, संघटना यातलं काहीच नको होतं. पप्पा परत येतील का, एवढंच हवं होतं. तिला आपण देशाचं राजकारण सांगत बसलो असतो.

लहानांना थोडक्यात सांगा: वाईट घटना झाली, आपल्यापासून लांब झाली, आपण सगळे घरी आहोत, पोलीस आणि डॉक्टर कामाला लागलेत. सुरतेचे मामा सुखरूप असतील तर फोन लावून त्यांचा आवाजच ऐकवा. मात्र ‘असं पुन्हा कधीच होणार नाही’ असं वचन देऊ नका. ते आपल्या हातात नाही, आणि पुढच्या वेळी मूल आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना जास्त सांगता येतं. मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपडपट्टीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली. त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी पहिल्या वर्गाच्या डब्यातले जखमी बाहेर काढले. पाऊस होता, अंधार पडत होता, दुसरा बॉम्ब फुटेल की काय ठाऊक नव्हतं. कोणी जखमीचा धर्म विचारला नाही, तिकीट तर नाहीच. हे ऐकताना मुलांचे डोळे बदलतात, मी बघितलंय. त्यांना मेलेल्यांचा आकडा दोन दिवसांत विसरायला होतो, चादर लक्षात राहते.

मोठ्या मुलांचं काम अवघड आहे. दहावी-अकरावीतला मुलगा तुमच्याकडे प्रश्न घेऊन येणारच नाही. त्याला उत्तरं मिळतात, तीही रात्री अकरानंतर, पांघरुणात. २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले, आयसिसमध्ये सामील व्हायला. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. घरच्यांना त्यांच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. २०१८मध्ये नालासोपाऱ्यात एटीएसने गावठी बॉम्ब पकडले, तेव्हा त्या प्रकरणात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातूनही तरुणांना अटक झाली. त्यांच्या खटल्यात काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला सांगायचंय ते एवढंच, की हे वारं एकाच धर्माच्या घरात शिरतं असं नाही आणि ते मुंबईतच वाहतं असंही नाही.

मुलाने मोबाइलला कुलूप लावलं म्हणजे तो अतिरेकी झाला, असं नाही हो. या वयात ते लावतातच. पण रोज क्रिकेट खेळणारा मुलगा मैदानावर जायचं सोडतो, जुन्या मित्रांची नावं तुच्छतेने घेतो, धाकट्या बहिणीने काय घालावं यावर भाषण देतो, एखाद्या समाजाबद्दल बोलताना ‘ती माणसं’ न म्हणता जनावरांची नावं वापरतो, तेव्हा ओरडू नका. त्याच्याजवळ बसा. ‘हे तुला कोणी सांगितलं? दाखव मला, मीही बघतो,’ असं म्हणा. बापाने शेजारी बसून बघितलेला व्हिडिओ पोराला वेगळा दिसतो. आणि आपणच दिवसभर तसलं काही पुढे ढकलत असू, तर पोराला विचारायला आपल्याला तोंड राहत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर टाकला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मी फक्त स्टेटस ठेवलं होतं’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागतं, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना चारित्र्य पडताळणीत याचा काय त्रास होतो, ते तुम्ही गावात बघितलं असेल. जून २०२३मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच शहर पेटलं होतं. धुळ्यात तर ६ जानेवारी २०१३ला मच्छीबाजार भागात खाणावळीच्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. बिलाच्या पैशांवरून! आधीपासून मनं तापवून ठेवलेली असली की एवढंही पुरतं.

शिंदखेड्यातल्या, दोंडाईचातल्या माझ्या मुस्लिम पालकांशी मला वेगळं बोलायचं आहे. भाभी, चाचा, अशा घटनेच्या दुसऱ्या दिवशी तुमचं लेकरू वर्गात कसं येतं ते मी बघते. एरवी पहिला हात वर करणारी मुलगी त्या दिवशी हात वर करत नाही. मधल्या सुट्टीत कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे ती घरून पाठ करून आलेली असते. पहलगामनंतर एका आईने मला विचारलं, ‘मॅडम, दोन दिवस नको पाठवू का हिला?’ मी म्हटलं, ‘पाठवा. आणि वर्गात कोणी काही बोललं तर त्याच दिवशी मला सांगा, आठवड्याने नको.’ तुमच्या मुलांनी कोणाला जबाब द्यायचा नाही. त्यांनी काही केलेलं नाही. मात्र तुमच्याही घरातल्या मोबाइलवर एक तयार उत्तर आलेलं असतं, की हे सगळं आपल्याला अडकवायलाच घडवून आणलंय. मालेगावच्या त्या नऊ जणांची पाच वर्षं आठवली की असं वाटणं मी समजू शकते. पण तेही पहिल्या दहा मिनिटांतलंच उत्तर आहे. तुमच्या लेकरालाही तेच सांगा, की अजून कोणालाच कळलेलं नाही.

हिंदू घरांतल्या पालकांना माझं मागणं साधं आहे. तुमचं मूल रोज ज्या मुलाबरोबर शाळेत जातं, त्याच्याबरोबर त्या दिवशीही जाऊ द्या. ‘आज नको’ असं दारातून हळूच म्हटलेलं वाक्य दोन्ही मुलांना ऐकू जातं.

काही मुलं या बातम्यांनी खरोखर आजारी पडतात. झोपेत दचकून उठणं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागणं, सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, आईचा पदर न सोडणं. आठ-पंधरा दिवसांत हे ओसरलं तर काळजी नको. महिनाभर राहिलं तर अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे दाखवा. धुळ्याला जाणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. फोन करणारं मूल वेडं ठरत नाही, आणि आई-बापही कमी पडले असं ठरत नाही.

वर्गात मी अशा घटनेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. फळ्यावर उभी रेघ मारते. डावीकडे कळलेलं, उजवीकडे अजून न कळलेलं. मुलं सांगतात, मी विचारते, ‘हे कुठून कळलं?’ आणि मग ते कोणत्या बाजूला लिहायचं ते वर्ग ठरवतो. स्फोट कुठे झाला, किती वाजता, जखमींना कोणत्या दवाखान्यात नेलं, हे डावीकडे जातं. कोणी केलं, ते बहुतेक वेळा उजवीकडे. मुलं ते पान वहीत उतरवून घेतात, वर तारीख घालतात आणि खाली थोडी जागा मोकळी ठेवतात, पुढे काही निकाल लागला तर लिहायला. त्या पानावर मी पालकांची सही मागते. पुढच्या वेळी ती वही तुमच्यासमोर आली तर सही करण्याआधी दोन्ही रकाने वाचा. आणि तुमच्याकडे काही वेगळी माहिती असेल तर तीही जरूर लिहा, फक्त शेजारी ती कुठून मिळाली ते लिहा.